टाकीत टीसीएल पडलं नाही: गावाला काय कळवायचं, कसं कळवायचं

नवीन सरपंच, सदस्य, जलसुरक्षक (गावचं पाणी शुद्ध करणारा, तपासणारा माणूस) आणि नुकतेच रुजू झालेले ग्रामपंचायत अधिकारी (गावासाठी अजूनही ग्रामसेवक, नाहीतर भाऊसाहेब) यांच्यासाठी हे लिहितोय. पाणी शुद्ध कसं करायचं याची प्रशिक्षणं होतात, पुस्तिका मिळतात. पण एखाद्या दिवशी डोसर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र) बंद पडला, टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) संपलं, नाहीतर पाइपलाइन नेमकी गटाराजवळ फुटली, तर लोकांना काय सांगायचं, कोणी सांगायचं आणि किती वाजेपर्यंत सांगायचं, हे सहसा कुणी शिकवत नाही. मी बरीच वर्षं गावच्या पाणीपुरवठा समितीवर होतो. या काळात असे प्रसंग आले, आणि दरवेळी तोच घोळ व्हायचा: बिघाड दुपारपर्यंत दुरुस्त व्हायचा, पण गावात निरोप पोहोचायचा संध्याकाळी, तोही अर्धवट.

हे सगळं नळयोजनेचं गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. शहरातल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

## आधी हाताशी काय हवं

बिघाड झाल्यावर ही शोधाशोध करत बसलात तर पहिला तास त्यातच जातो. एका पिशवीत किंवा कपाटाच्या एका कप्प्यात हे ठेवा:

- ओटी टेस्टचं किट (थेंब टाकून पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते रंगावरून बघायचं). बाटलीवरची मुदत बघा. मुदत संपलेल्या द्रावणाचा रंग भरवशाचा नसतो.
- क्लोरीन तपासणीची नोंदवही आणि टीसीएलचा साठा रजिस्टर.
- कुठला व्हॉल्व्ह सोडला की कुठल्या वस्तीला पाणी जातं, याचा हाताने काढलेला का होईना, नकाशा. हे ज्ञान बहुतेक गावांत एकट्या पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं, आणि तो नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो.
- फोन नंबरांचा एक कागद: प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्राचे आरोग्य सेवक आणि सेविका, सगळ्या आशाताई, अंगणवाडी ताई, मुख्याध्यापक, पंचायत समितीचा पाणीपुरवठा विभाग, शेजारच्या ज्या गावांना आपल्याच टाकीतून पाणी जातं तिथले सरपंच.
- रिकाम्या जागा सोडून छापून ठेवलेला सूचनेचा नमुना (तो पुढे दिलाय), ग्रामपंचायतीचा शिक्का, जाड मार्कर.
- बॅटरी चार्ज असलेला भोंगा. वीज गेली म्हणून मोटर आणि डोसर बंद, आणि विजेवर चालतो म्हणून भोंगाही बंद, ही गंमत होऊ देऊ नका.
- जीवाणू तपासणीच्या निर्जंतुक बाटल्या. आरोग्य केंद्रातून मागून ठेवा.

## १. भानगड नेमकी कसली, ते आधी ओळखा

सगळ्या बिघाडांना एकच सूचना चालत नाही. पहिलं काम म्हणजे ओटी टेस्ट, आणि ती टाकीखाली करू नका. गावाच्या शेवटच्या नळाला करा. टाकीखालच्या नळाला पिवळं दिसतं आणि शेवटच्या वस्तीत पांढरं स्वच्छ, असं पुष्कळदा होतं. वाटेत गळती असते, जुन्या पाइपात गाळ असतो, आणि क्लोरीन तिथेच खर्च होतं.

नळी आधी त्याच पाण्याने विसळा, खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका आणि रंग लगेच बघा. पहिल्या काही सेकंदांत जो पिवळा रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा. नळी हातात धरून गप्पा मारत पाच मिनिटांनी पाहिलंत तर रंग गडद झालेला दिसेल आणि तुमची उगाच खात्री पटेल. पांढऱ्या कागदासमोर धरून पट्टीशी जुळवा. द्रावण हाताला लागू देऊ नका, ते विषारी असतं. तपासलेलं पाणी मोरीत ओता.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं हवं. यावरून चार प्रकार पडतात:

क्लोरीन शून्य किंवा ०.२ च्या खाली. टीसीएल टाकलंच नाही, डोसर बंद होता, मोटर चालू असताना पाणी टाकीत न चढवता थेट लाइनला सोडलं, किंवा पावडर जुनी होती. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. दमट खोलीत उघड्या गोणीत ते भराभर उडून जातं. हिशोब सोपा आहे: ३३ टक्क्यांची ३ ग्रॅम पावडर हजार लिटरला टाकली की लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम क्लोरीन पडतं, तीच पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्यासाठी ५ ग्रॅम लागतात. म्हणजे माणसाने इमानदारीने नेहमीचं माप टाकलं तरी शेवटचा नळ कोरा राहू शकतो. उपाय: उकळून पिण्याची सूचना.

पाणी गढूळ, आणि क्लोरीन टाकूनही टिकत नाही. पहिल्या पावसात हे ठरलेलं. गाळ आणि कुजका पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो. इथेही उकळण्याचीच सूचना, पण आधी गाळून आणि निवळून घ्यायला सांगायचं.

पाइप फुटून सांडपाणी शिरल्याची शंका. ओटी टेस्ट थोडी पिवळी आली तरी गाफील राहू नका. पाण्याला वास असेल, रंग असेल, एकाच आळीत दोन-चार घरांत जुलाब सुरू असतील, तर त्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि टँकरची सोय बघा.

क्लोरीन जास्त झालं. सकाळच्याने टाकलं, दुपारच्यालाही वाटलं राहिलं, त्याने पुन्हा टाकलं. नळी गर्द पिवळी, नारिंगीकडे झुकलेली. १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ‘आज हे पाणी पिऊ नका’ एवढंच सांगा. पाणी रुंद भांड्यात पातळ फडकं बांधून काही तास ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. ‘उकळा’ ही सूचना इथे सवयीने चिकटवू नका.

एक गोष्ट इथेच सांगतो. शेतातलं खत, फ्लोराइड, नायट्रेट, औषध फवारणीचा पंप विहिरीत पडणं, असल्या रासायनिक भानगडीत उकळून काही होत नाही. पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. तिथे सूचना एकच: हे पाणी प्यायचंच नाही, स्वयंपाकालाही नाही, दुसरीकडून आणायचं. हा लेख त्यासाठी नाही.

## २. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. कुणीतरी म्हणतं, “आधी नमुना पाठवू, रिपोर्ट येऊ दे, उगाच गाव कशाला घाबरवायचं?” जीवाणू तपासणीच्या अहवालाला नमुना नेण्यापासून धरलं तर दोन-तीन दिवस सहज जातात. तोवर गाव ते पाणी पिऊन मोकळं झालेलं असतं. शेवटच्या नळाला क्लोरीन नाही, एवढं कळणं सूचना द्यायला पुरेसं आहे. पाणी दूषित आहे असा दावा तुम्ही करत नाही. त्याला संरक्षण नाही एवढंच सांगताय.

अमेरिकेत आरोग्याला तातडीचा धोका असेल तर पाणी पुरवणाऱ्या संस्थेला २४ तासांच्या आत लोकांना कळवावंच लागतं, असा तिथला नियम आहे. आपल्याकडे गाव लहान, माणसं ओळखीची. दोन तासांत कळवता येतं. सकाळी कळलं तर दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी कळलं तर रात्रीच्या जेवणाआधी, हा माझा ठोकताळा.

सूचना कोणाच्या सहीने जाणार हे आधीच ठरवून, मासिक सभेत तसा ठराव घेऊन ठेवा. सरपंच बाहेरगावी असतील तर उपसरपंच, तेही नसतील तर ग्रामपंचायत अधिकारी. नाहीतर मुंबईला गेलेल्या सरपंचांचा फोन लागेपर्यंत सगळे पारावर बसून राहतात.

## ३. भोंग्याआधी तीन फोन

पहिला पाणी सोडणाऱ्याला: कुठलं पाणी, किती वाजता, कुठल्या वस्तीला गेलं? दुसरा आरोग्य सेवकाला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना: ओपीडीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण आलेत का? तिसरा शाळेला आणि अंगणवाडीला, कारण तिथे मुलं त्या क्षणी नळाला तोंड लावत असतात.

आरोग्य केंद्राला गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं असं होऊ देऊ नका. एकतर त्यांच्याकडे क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस असतात. शिवाय लोक शहानिशा करायला त्यांनाच फोन लावतात. तिथून “आम्हाला काही माहीत नाही” असं उत्तर आलं की तुमच्या सूचनेची किंमत गेली.

## ४. मजकूर: ‘पाणी अयोग्य’ एवढ्याने भागत नाही

फळ्यावर खडूने ‘पाणी पिण्यास अयोग्य, ग्रामस्थांनी नोंद घ्यावी’ असं लिहिलेलं मी अनेक गावांत पाहिलंय. नोंद घेऊन करायचं काय? बाईच्या दारात सकाळी भरलेले सात हंडे आहेत, पुढचं पाणी परवा येणार आहे. तिला एकच गोष्ट कळायला हवी: या हंड्यांचं काय करू?

म्हणून सूचनेत ‘भरून ठेवलेल्या पाण्याचं काय’ ही ओळ असायलाच हवी. दिवसाआड किंवा तीन दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आजचं पाणी उद्या आणि परवाही प्यायलं जातं. ‘आज पाणी उकळून प्या’ म्हटलं तर उद्या लोक तेच पाणी न उकळता पितात, आणि त्यांचं काही चुकत नाही. तुम्हीच ‘आज’ म्हणालात.

हा नमुना वापरा, गावाप्रमाणे बदला:

> ग्रामपंचायत ______ : पिण्याच्या पाण्याची तातडीची सूचना
> दिनांक ______ वार ______ वेळ ______
>
> आज सकाळी ___ ते ___ या वेळेत नळाला आलेल्या पाण्यात टीसीएल पडलेलं नाही. हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.
>
> कोणासाठी: ______ आळी, ______ वस्ती, ______ मळा. (बाकी गावाचं पाणी तपासलं आहे, ते ठीक आहे.)
>
> भरून ठेवलेलं पाणी: आज सकाळनंतर भरलेले हंडे, माठ, टाक्या यांतलं पाणीही उकळूनच प्या. ओतून देऊ नका, वापराला चालेल.
>
> कसं उकळायचं: गढूळ असेल तर आधी चौपदरी फडक्यातून गाळा. खळखळून उकळी आली की ५ मिनिटं उकळू द्या. झाकून गार करा. स्वच्छ भांड्यात ठेवा, ओगराळ्याने काढा.
>
> उकळलेलंच पाणी कशाला: पिणं, बाळाचं दूध-पेज, दात घासणं, कच्ची भाजी-फळं धुणं, सरबत आणि बर्फ.
> साधं पाणी कशाला चालेल: आंघोळ, कपडे, फरशी, जनावरं.
>
> उकळणं शक्य नसेल तर: क्लोरीनच्या गोळ्या / थेंब आशाताईंकडे मोफत आहेत. मात्रा वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे. टाकल्यावर अर्धा तास थांबून मगच प्या.
>
> जुलाब, उलटी, ताप असेल तर थांबू नका: उपकेंद्र, फोन ______.
>
> ही सूचना मागे घेतल्याचं ग्रामपंचायत स्वतः कळवेल, तोवर लागू राहील. पुढची माहिती आज संध्याकाळी ___ वाजता.
> सही व शिक्का

उकळण्याच्या वेळेवर नेहमी वाद होतो. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. पण चुलीवर बारीक बुडबुडे आले की ‘उकळलं’ म्हणणारी घरं असतात, म्हणून मी पाच लिहितो. काही पत्रकांत वीस मिनिटं असतात. वीस मिनिटं गॅस कोण जाळणार? जे कुणी करणार नाही ते लिहून फक्त कागदावरची काळजी दाखवता येते.

‘टीसीएल’ हाच शब्द वापरा. ‘निर्जंतुकीकरण प्रक्रियेत तांत्रिक अडथळा’ असलं काही लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं मोटर जळाली असेल. ‘घाबरून जाऊ नये’ ही ओळही टाळा. ती वाचली की लोक आधी घाबरतात. कारण एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. त्या वाक्यात कुणाचं नाव नको, ‘कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे’ तर नकोच. नाव आलं की गावात पाण्याचं बोलणं थांबतं आणि भांडण सुरू होतं.

## ५. निरोप पोहोचवा, आणि पोहोचला का ते बघा

व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे गावाला कळलं, हा भ्रम सगळ्यात महाग पडतो. त्या ग्रुपमध्ये मुख्यत्वे बाप्ये असतात, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला. पाणी भरणारी, उकळणारी, पोरांना पाजणारी बाई त्या ग्रुपवर नसते. निरोप तिच्यापर्यंत न्यायचाय.

भोंगा. घंटागाडीवर किंवा रिक्षावर बांधा. मजकूर चाळीस सेकंदांच्या आत बसवा आणि गाडी चौकात उभी करून दोनदा म्हणा. चालत्या गाडीतून माणसाला अर्धंच वाक्य ऐकू येतं, ‘...पाणी प्या’ एवढंच कानावर पडलं तर पंचाईत. दवंडीचा मजकूर असा: “ऐका हो! आज सकाळी नळाला आलेलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. हंड्यात भरलेलंसुद्धा उकळूनच प्या. लहान पोरांना, म्हाताऱ्यांना आठवणीने सांगा. ग्रामपंचायतीचा पुढचा निरोप येईस्तोवर असंच करायचं.” देवळाचा आणि मशिदीचा स्पीकर असेल तर विनंती करा, सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आशाताई आणि अंगणवाडी ताई. सगळ्यात खात्रीचा रस्ता. त्यांना घरं वाटून द्या आणि कुठल्या घरी आधी जायचं ते सांगा: तान्हं बाळ, गरोदर बाई, एकटं राहणारं म्हातारं माणूस, कॅन्सर किंवा किडनीचे रुग्ण. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवलेलं असतं. त्यांनाही बरोबर घ्या. बचतगटाच्या ग्रुपवर त्यांच्याच आवाजातला निरोप सरपंचांच्या पत्रापेक्षा जास्त ऐकला जातो.

जे कुठल्याच यादीत नसतात. उसाच्या टोळीची पालं, वीटभट्टी, रस्त्याच्या कामावरचे मजूर, धनगरांचा वाडा. त्यांना आपल्याच व्हॉल्व्हवरून पाणी मिळतं, पण मतदार यादीत नाव नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत. तिथे माणूस पाठवा, मुकादमाला भेटा, हिंदीत सांगायची तयारी ठेवा. पालावर सरपण आणि भांडी दोन्ही मोजकी असतात. ‘उकळा’ म्हणण्यापेक्षा क्लोरीनच्या गोळ्या हातात द्या.

जिथे एका भांड्यातून शंभर जण पितात. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, रसवंती, पाणीपुरीचा गाडा, मंगल कार्यालय, सप्ताहाचा मंडप, एसटी स्टँडची पाणपोई. सूचना त्यांच्या हातात द्या, तोंडी नको.

व्हॉट्सअॅप. टाका, पण लेखी मजकुरात तारीख आणि वार हवाच. गेल्या वर्षीची सूचना यंदा फिरायला लागते, आणि तारीख नसेल तर ती खोटी हे सिद्ध करता येत नाही. पीडीएफ नको, फोटो आणि सोबत सरपंचांचा आवाज. ग्रुपवर चर्चा चालू ठेवू नका, सूचनेपुरतं ‘फक्त अॅडमिन’ करा.

मग एक तासाने पडताळणी. गावाच्या वेगवेगळ्या टोकांच्या दहा घरांत जाऊन विचारा, “पाण्याचं काही ऐकलं का?” तीन-चार घरांना माहीत नसेल तर पुन्हा फेरी मारा. नुसतं ऐकलंय असं म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न टाका: “मग सकाळच्या हंड्याचं काय केलंत?” निरोप कळला का, ते तिथे कळतं.

## ६. घरोघरी येणारे प्रश्न

“आमच्याकडे आरओ आहे.” मशीन नीट चालत असेल, गाळण्या वेळेवर बदलल्या असतील तर ठीक; पण ते तुम्ही घरबसल्या सांगू शकत नाही. सूचना चालू असेपर्यंत उकळा म्हणा. विकतच्या गार जारचंही तेच. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे जार अस्वच्छ असेल तर पाणी पुन्हा बिघडायला काही लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने विहिरीच्या पाण्याबरोबर खासगी आरओ प्लांट आणि टँकरचं पाणीही तपासायला घेतलं होतं.

“तुरटी फिरवली, चालेल?” तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटीनंतर उकळायचं.

“आम्ही हातपंपाचं आणतो.” हातपंपाचं पाणी तपासलेलं आहे का ते तुमच्या नोंदीत बघून सांगा. स्रोताला लाल कार्ड (पाणी धोक्याचं असल्याची सरकारी खूण) असेल तर तिकडे पाठवू नका.

“वास तर येतोय की टीसीएलचा!” वासावर जाऊ नका, ओटी टेस्ट त्यांच्यासमोर करून दाखवा. हे जमेल तिथे कराच. नळी पांढरी राहिलेली डोळ्यांनी पाहिली की समजवावं लागत नाही.

## ७. दुरुस्ती, आणि नमुना

तांत्रिक भाग थोडक्यात. टीसीएल कधीही कोरडं टाकीत भिरकावू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवून ढवळा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाका. अर्धा तास तरी थांबल्याशिवाय पाणी सोडू नका. लाइनमधलं जुनं पाणी वॉशआउटमधून (लाइन रिकामी करायच्या व्हॉल्व्हमधून) काढून टाका. हे न करता टाकीत टीसीएल टाकलं की टाकी चांगली आणि लाइन तशीच.

नमुन्याच्या बाबतीत हमखास होणारी गडबड म्हणजे बाटली विसळणं. निर्जंतुक बाटली विसळायची नसते. क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात थोडं रसायन घातलेलं असतं, तेही धुऊन जातं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरा, वर थोडी जागा सोडा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. बाटलीवर जागा, तारीख, वेळ. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर एचटूएस व्हायल (जंतू असतील तर पाणी काळं करणारी तपासणीची छोटी बाटली) लावून ठेवा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडलं तर दूषित. काळं पडलं नाही म्हणून मात्र लगेच सूचना मागे घेऊ नका.

## ८. सूचना मागे घेणं

इथे बहुतेक गावं ढेपाळतात. दुरुस्ती झाली, पाणी सुटलं, सगळे आपापल्या कामाला लागले, आणि सूचना तशीच हवेत. मग काही घरं महिनाभर उकळत राहतात आणि काही दुसऱ्याच दिवशी सोडतात. पुढच्या वेळी भोंगा फिरला की लोक म्हणतात, ‘यांचं असंच असतं’.

मागे घ्यायच्या अटी आधीच लिहून ठेवा. माझ्या मते या तीन पुरतात: शेवटच्या नळासह वेगवेगळ्या वस्त्यांत लागोपाठ दोन पाणी सोडण्यांत ०.२ किंवा वर क्लोरीन. जिथे सांडपाण्याची शंका होती तिथला जीवाणू अहवाल ‘पिण्यास योग्य’. आणि जुलाबाचे नवे रुग्ण नाहीत असा आरोग्य सेवकाचा निरोप. नुसतं टीसीएल टाकायचं राहिलं होतं, तर अहवालाची अट धरून बसू नका, पहिली आणि तिसरी पुरे.

मागे घेण्याचा निरोप ज्या रस्त्यांनी पहिला गेला त्याच सगळ्या रस्त्यांनी जायला हवा, पालांवरसुद्धा. मजकुरात ‘आता पाणी चांगलं आहे’ एवढंच नको. “उरलेलं जुनं पाणी सांडवापराला घ्या. माठ, हंडे, पिंप, छतावरची टाकी घासून धुवा. आजपासून भरलेलं पाणी न उकळता पिता येईल.” फळ्यावरची जुनी सूचना पुसा, चिकटवलेले कागद काढा.

## ९. खरी नोंद ठेवा

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात वॉकरटन नावाचं गाव आहे, आपल्याकडच्या मोठ्या बाजारगावाएवढं. मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर शेणखताचं पाणी तिथल्या एका विहिरीत उतरलं. क्लोरीन मोजायचं काम रोजचं. पण कर्मचारी न मोजताच वहीत ०.५ किंवा ०.७५ असे आकडे भरत होते. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा निरोप १७ मेला आला, तरी पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापक आरोग्य खात्याला ‘पाणी ठीक आहे’ असंच सांगत राहिले. शेवटी २१ मेला आरोग्य खात्याने आपल्याच जबाबदारीवर ‘उकळून प्या’ जाहीर केलं, आणि तेही त्या दिवशी गावातल्या जेमतेम निम्म्या लोकांपर्यंत पोहोचलं. सात माणसं गेली, दोन हजार तीनशेवर आजारी पडली. श्रीमंत देश, सगळी यंत्रणा हाताशी.

आपल्या नोंदवह्यांत महिनाभर एकाखाली एक ०.२, ०.२, ०.२ दिसतं तेव्हा मला तेच आठवतं. खऱ्या मोजणीत आकडा हलतो. पावसात खाली जातो, टाकी धुतली की वर जातो. जलसुरक्षकाला सांगून ठेवा की शून्य आलं तर शून्यच लिहायचं, त्यासाठी कुणी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका. त्याचं मानधन तुटपुंजं असतं, तेही वेळेवर मिळेलच असं नाही. त्यात खरं लिहिल्याबद्दल बोलणी बसली तर तो दुसऱ्या दिवसापासून वही घरी बसूनच भरेल.

प्रसंग संपल्यावर फाइलला एवढं लावा: ओटी टेस्टचे आकडे जागा आणि वेळेसह, सूचनेची आणि मागे घेतल्याची प्रत, भोंगा कुठून कुठे फिरला, कोणत्या आशाताई कुठल्या घरी गेल्या, कोणाला किती वाजता फोन केला, अहवालाची प्रत, आलेला खर्च. एक प्रत आरोग्य केंद्राला, एक पंचायत समितीला द्या आणि पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. वाचताना कुणीतरी उठून सांगेल की आमच्या मळ्यात कुणी आलंच नव्हतं. त्या मळ्याचं नाव त्याच बैठकीत फोनच्या कागदावर चढवून घ्या.